पहिल्यांदाच बिअर बाटलीत भरायची आहे: साखर किती, बाटल्या कुठल्या, आणि त्या फुटू नयेत म्हणून काय?

नेकारकाठचा
मुक्काम जर्मनी, स्टुटगार्टजवळ. घरच्या बिअरची पहिलीच बॅच आहे. माल्ट एक्स्ट्रॅक्टचा (मोड आलेल्या सातूच्या घट्ट पाकाचा) किट, पेल एल (फिकट रंगाची बिअर), फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या बादलीत) २० लिटर. यीस्ट सफेल यूएस-०५, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबते तशी उतरते) १.०५२. खोलीचं तापमान १९ ते २१ अंश. सातव्या दिवशी ६० ग्रॅम सिट्रा हॉप्स (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) टाकून ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये टाकले. आज नववा दिवस, ग्रॅव्हिटी १.०१४, एअरलॉकचे (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेचे) बुडबुडे जवळपास थांबलेत.

किटच्या कागदावर लिहिलंय: दहाव्या दिवशी भरा, प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर घाला. माझ्याकडे फांडवाल्या (बाटली परत केली की अनामत परत मिळते त्या) क्रेटमधून जमवलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या आहेत, शिवाय थोड्या ३३० मिलीच्या आणि दहा क्लिपवाल्या (तारेच्या क्लिपने बंद होणाऱ्या). प्रश्न असे:
एक चमचा म्हणजे नक्की किती? साखर बाटलीत घालायची की सगळ्या बिअरमध्ये एकदम? या बाटल्या चालतील का? आणि शनिवारी भरली तर चालेल ना?

सातूवाला
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. शनिवारी भरू नका.

दहावा दिवस हा कागद छापणाऱ्याच्या सोयीचा आहे, यीस्टला कॅलेंडर कळत नाही. १.०५२ वरून १.०१४ म्हणजे ७३ टक्के अ‍ॅटेन्युएशन (किती साखर आंबली त्याचं माप) झालं. यूएस-०५ साधारण ८० टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे १.०१० ते १.०११. पण तुमचा किट एक्स्ट्रॅक्टचा आहे, आणि एक्स्ट्रॅक्टची बिअर कधीकधी १.०१४ वरच थांबते. म्हणजे नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ती थांबली आहे की अजून हळूहळू उतरते आहे, एवढंच बघायचं.

हे इतकं ताणून का सांगतोय? ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट (१.०११ वरून १.०१०) बंद बाटलीत उतरला, तर लिटरमागे साधारण १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेल एलमध्ये आपल्याला एकूण पाचच्या आत हवा असतो. समजा चार पॉइंट शिल्लक असताना भरलीत आणि वर साखरही घातलीत, तर हिशोब पावणेनऊवर जातो. २० अंशाला बाटलीत चार बारच्या वर दाब. उन्हाळ्यात खोली ३० अंशांवर गेली की साडेपाचच्या पुढे. साधी बिअरची बाटली एवढ्यासाठी बनवलेली नसते.

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. झाकणाची रिंग थोडी सैल असली तरी एअरलॉक गप्प बसतो, आणि सगळं संपल्यावरही खोली दोन अंशांनी तापली की पुन्हा बुडबुडतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ड्राय हॉपिंग. हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम्स थोड्या प्रमाणात असतात. जी डेक्स्ट्रिन्स यीस्टला खाता येत नव्हती, ती मोडून ही एन्झाइम्स त्यांची साखर करतात आणि थांबलेलं आंबणं पुन्हा हळूच सुरू होतं. याला हॉप क्रीप म्हणतात. सातव्या दिवशी हॉप्स टाकून दहाव्या दिवशी बूच मारायचं म्हणजे ही सगळी करामत बाटलीच्या आत होऊ द्यायची.

करायचं काय: फर्मेंटर आहे त्याच तापमानात राहू द्या. तीन दिवसांनी ग्रॅव्हिटी मोजा, त्यानंतर आणखी तीन दिवसांनी पुन्हा. दोन्ही आकडे सारखे आले तरच भरायचं. मोजण्याआधी नमुना दोन पेल्यांत दहा-बारा वेळा ओतून त्यातला वायू घालवा. हायड्रोमीटरला (ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या काचनळीला) बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा फुगतो. नमुना २० अंशाला आणा, किंवा तुमचा हायड्रोमीटर ज्या तापमानासाठी आखलाय (दांडीवर लिहिलेलं असतं) त्या तापमानाला. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर आता बाजूला ठेवा. अल्कोहोलमुळे तो चुकीचा, जास्तीचा आकडा दाखवतो.

खात्री हवी असेल तर आजच २०० मिली बिअर स्वच्छ बाटलीत काढा, त्यात कोरड्या यूएस-०५ ची चिमूट टाका, तोंडावर सैल फॉइल लावा, २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि येता-जाता हलवा. तीन दिवसांत हा नमुना जिथे थांबेल, तिथेच मोठी बॅच थांबणार. मोजून झाला की फेकून द्या.

फेसमोजणी
साखरेचं मी सांगतो. चमचा विसरा, काटा आणा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते, शीग लावली की ६. अर्ध्या लिटरमध्ये ४ ग्रॅम म्हणजे लिटरला ८, हेच पेल एलला जास्त आहे. ६ ग्रॅम घातले तर लिटरला १२, म्हणजे बाटलीत ७.८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. जाड काचेतल्या बेल्जियन बिअरसारखा. आणि तोच सपाट चमचा तुमच्या ३३० मिलीच्या बाटलीत गेला तरी पुन्हा लिटरला १२. तोच चमचा, तीच बिअर, आणि एक बाटली बरी तर दुसरी कारंजं.

हिशोब सरळ आहे.

पेल एलला लिटरमागे ४.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवा. (अमेरिकन मंडळी याला २.४ व्हॉल्यूम म्हणतात. एक व्हॉल्यूम म्हणजे सुमारे २ ग्रॅम.) त्यातला काही बिअरमध्ये आधीच विरघळलेला असतो, २० अंशाला सुमारे १.७ ग्रॅम. उरले ३. साध्या साखरेच्या एका ग्रॅमपासून अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त वायू मिळतो. म्हणजे लिटरला ५.९ ग्रॅम साखर.

आता लिटर किती धरायचे? २० नाही. तळाला यीस्ट आणि हॉप्सचा गाळ आहे, ६० ग्रॅम हॉप्स बरीच बिअर पिऊन बसतात. हातात १८ येतील. १८ गुणिले ५.९ म्हणजे १०६ ग्रॅम. भरायच्या दिवशी बादलीत प्रत्यक्ष किती उतरली ते बघून हा आकडा बदला. बादलीवर लिटरच्या खुणा नसतील तर आजच एकेक लिटर पाणी ओतून मार्करने करून ठेवा.

साखर नेहमीचीच, चहातली. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) वापरायचं असेल तर दहा टक्के जास्त घ्या, साधारण ११७ ग्रॅम. चवीत फरक पडत नाही. एवढ्याशा साखरेने बिअर सायडरसारखी लागते ही जुनी भीती आहे, तिला अर्थ नाही. मध, गूळ, काकवी यांच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊ नका, कारण त्यांत पाणी किती आणि साखर किती हे प्रत्येक डब्याला वेगळं.

१०६ ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, झाकून कोमट होऊ द्या. निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या, नळ असलेल्या बादलीत आधी हा पाक ओता आणि त्यावर सायफनने बिअर सोडा. नळीचं टोक बादलीच्या कडेला टेकवून गोल वळवा, म्हणजे बिअर चक्कर घेत भरते आणि आपोआप मिसळते. तरीही शेवटी निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने अगदी हळू, फेस न येऊ देता, पाच-सहा वेळा ढवळाच. पाक जड असतो, तळाला बसतो. न ढवळता भरलं तर पहिल्या दहा बाटल्या उसळतात आणि शेवटच्या दहा मिळमिळीत निघतात, मग लोक यीस्टला दोष देतात.

काचसामान
बाटल्यांबद्दल. जर्मनीत राहण्याचा हा खरा फायदा आहे: ८ सेंट फांडवाली तपकिरी बाटली पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच बनवलेली असते, काच जाड असते. क्लिपवालीला १५ सेंट. दोन्ही उत्तम. क्राउन कॅप (पत्र्याचं बूच) २६ मिलिमीटरची लागते. शॅम्पेनच्या आणि काही बेल्जियन बाटल्यांना २९ ची लागते, ती तुमच्या कॅपरमध्ये (कॅप आवळायच्या यंत्रात) बसणार नाही.

नको असलेल्या बाटल्या: पिरगाळून उघडायच्या आट्यांच्या (कॅप नीट आवळत नाही, वायू गळतो), वाइनच्या (काच दाबासाठी नसते), एकदाच वापरायच्या पातळ, आणि पारदर्शक किंवा हिरव्या. शेवटच्या दोन फुटतात म्हणून नव्हे. उजेडात हॉप्सचे कडू घटक मोडून स्कंकसारखा वास येतो. हॉप्सच्या बिअरला उन्हात काही मिनिटंही पुरतात. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते.

प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून बघा. तोंडाच्या कडेचा टवका उडालेला असेल तर बाद. अंगावर खोल रेघ किंवा तडा असेल तर बाद. क्लिपवाल्यांचं रबर काढून वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नवीन लावा, काही सेंटांना मिळतं. वायू गळण्याचं कारण बऱ्याचदा हे रबरच असतं.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. घाणीवर सॅनिटायझर चालत नाही. आधी ५० ते ६० अंशांच्या पाण्यात सोडियम परकार्बोनेट, लिटरला ५ ते १० ग्रॅम, त्यात बाटल्या तासभर बुडवा. लेबलं सुटून येतात, तळाचं वाळलेलं यीस्टही निघतं. मग ब्रश, मग स्वच्छ पाणी. पुन्हा दिव्यासमोर. तळाला धुरकट चकती दिसली तर पुन्हा भिजवा.

भरायच्या अगदी आधी सॅनिटायझर. स्टार सॅन मिळालं तर लिटर पाण्याला १.५ मिली, दोन मिनिटं ओली राहू द्यायची, उलटी करून निथळायची, पुन्हा पाण्याने धुवायची नाही. आत फेस राहिला तर राहू द्या. त्या फेसाला घाबरून लोक नळाखाली बाटली धरतात आणि केलेलं काम धुऊन टाकतात. स्टुटगार्ट भागात पाणी जड असेल तर द्रावण लवकर गढूळ होतं, त्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरा. दुसरं काही मिळालं तर त्याच्या डब्यावरचं प्रमाण आणि धुवायचं की नाही हे वाचा.

ओव्हनमध्ये बाटल्या तापवण्याचा सल्ला मिळेल. चालतो, पण थंड ओव्हनमध्ये ठेवून हळू तापवायच्या आणि आतच थंड होऊ द्यायच्या. घाईने काच कमजोर होते आणि ते डोळ्याला दिसत नाही. डिशवॉशर वापरलात तर रिन्स एड बंद करा, तो फेस मारतो.

एक राहिलं. बादलीचा नळ. अख्खा खोलून धुवा, आटे आणि वॉशरसकट. बॅच आंबट होण्याचं कारण शोधत गेलं की बऱ्याचदा इथेच सापडतं.

उंटावरचा_शहाणा
फेसमोजणींचा हिशोब बिनचूक आहे, पण ६० ग्रॅम सिट्रावाल्या बिअरला दुसरी बादली दाखवू नये, असं माझं मत. उघड्या बादलीत १८ लिटर ओतलं की कितीही हळू केलं तरी ऑक्सिजन शिरतोच. हॉप्सचा वास हा पहिला बळी. तीन आठवड्यांत आंब्या-संत्र्याचा वास जातो, रंग मळकट तपकिरी होतो, नंतर ओल्या पुठ्ठ्याची चव. गहू किंवा स्टाउटला हे कमी जाणवतं. तुमच्या बिअरला जाणवेल.

त्याऐवजी पाक आणि सिरिंज. पाक थोडा जास्त करा म्हणजे शेवटच्या बाटलीला कमी पडणार नाही: ११८ ग्रॅम साखर पाण्यात उकळा, थंड झाल्यावर उकळलेलं पाणी घालून एकूण ४०० मिली करा. ४०० मिली पाणी नव्हे, पाक आणि पाणी मिळून ४००. औषधाच्या दुकानातून सुईशिवायची २० मिलीची सिरिंज आणा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत १० मिली, ३३० च्या बाटलीत ६.६ मिली. म्हणजे ५.९ ग्रॅमचाच हिशोब. मग फर्मेंटरच्या नळालाच भरणनळी जोडून थेट भरा. गाळ येऊ नये म्हणून फर्मेंटरच्या नळाखाली अर्धा इंचाची लाकडी पट्टी ठेवून तो आदल्या दिवशीच मागे कललेला करून ठेवा.

साखरेच्या ३ ग्रॅमच्या वड्या मिळतात, अर्ध्या लिटरला एक बरोबर बसते. पण काट्यावर दहा वड्या एकदम ठेवून सरासरी बघा, आणि त्या तोंडातून आत जातात का तेही बघा.

फेसमोजणी
मान्य, हॉप्ससाठी सिरिंज बरी. एकच धोका: एखादी बाटली सुटते किंवा एखादीत दोनदा पडतं. दोनदा पडली ती ७.७ वर जाते. त्यामुळे सगळ्या रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये डावीकडे, पाक घातला की उजवीकडच्या क्रेटमध्ये. मधेच फोन घ्यायचा नाही.

नेकारकाठचा
सगळ्यांचे आभार. शनिवार रद्द केला. बाराव्या दिवशी १.०११, पंधराव्या दिवशी १.०११. चिमूटभर यीस्टवाला नमुनाही १.०११ वरच थांबला. म्हणजे १.०१४ ला भरली असती तर तीन पॉइंट बाटलीत गेले असते.

मग फर्मेंटर दोन दिवस जुन्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवला, गाळ छान बसलाय. सिरिंजनेच करणार. पण ऑनलाइन गणकयंत्रात तापमान ४ टाकलं तर १८ लिटरला ६३ ग्रॅमच साखर सांगतोय. १०६ की ६३?

फेसमोजणी
१०६. गणकयंत्र चुकत नाहीये, त्याला चुकीचं तापमान सांगितलंय.

तिथे आजचं तापमान टाकायचं नसतं. आंबणं संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला पोचली होती ते टाकायचं. तुमची २० ते २१ अंशांवर होती तेव्हा जास्तीचा वायू एअरलॉकमधून निघून गेला, १.७ ग्रॅम उरला. नंतर थंड केल्यावर बिअरची वायू धरण्याची ताकद वाढली, पण आंबणं थांबलेलं होतं, नवीन वायू येणार कुठून? गणकयंत्र समजतं की बिअर ४ अंशांवरच आंबली आणि तिच्यात २.९ ग्रॅम आहे. ६३ ग्रॅम घातलीत तर शेवटी ३.५ वर येईल, म्हणजे पेल्यात फेसाची रेघ येऊन जाईल इतकंच.

यीस्ट खाली बसलं म्हणून बाटलीत काम कोण करणार, ही शंका पुढे येईलच. दोन दिवसांच्या थंडीने सगळं बसत नाही, बिअरमध्ये तरंगत जे उरतं ते भरपूर असतं. महिनोन्महिने थंड ठेवलेली लागर किंवा ९-१० टक्क्यांच्या वरची बिअर असेल तरच भरताना ताजं यीस्ट घालावं लागतं. तुमची ५.४ टक्के आहे.

पुढच्या खेपेसाठी: थंड करताना फर्मेंटरच्या आत पोकळी तयार होते आणि एअरलॉकमधलं पाणी हवेसकट आत ओढलं जातं. त्या दोन दिवसांसाठी एअरलॉक काढून तिथे घट्ट बूच लावा, किंवा झाकण मऊ असेल तर सॅनिटायझर फवारलेलं फॉइल आणि रबर बँड.

सातूवाला
भरायच्या दिवसाचा क्रम. दोघं असाल तर ३६ बाटल्यांना दोन तास धरा, एकटे असाल तर अर्धा दिवस.

फर्मेंटर आदल्या रात्रीच ओट्यावर आणून ठेवा. सकाळी उचलून ठेवलात तर दोन दिवस बसवलेला गाळ पाच सेकंदांत वर येतो. थंड असतानाच भरली तरी चालते, उलट फेस कमी येतो.

भरणनळी म्हणजे तळाला स्प्रिंगची झडप असलेली प्लास्टिकची कांडी. ती नळाला दहा सेंटिमीटर सिलिकॉन नळीने जोडा. बाटलीच्या तळाला टेकवली की बिअर सुरू, उचलली की बंद. बिअर तळापासून वर चढते, खळखळत नाही. अगदी काठोकाठ भरा आणि कांडी बाहेर काढा. कांडीने व्यापलेली जागा रिकामी होते आणि वर अडीच-तीन सेंटिमीटर जागा आपोआप उरते. एवढीच हवी. मानेपर्यंत अर्धवट सोडलेल्या बाटलीत हवा जास्त, म्हणजे ऑक्सिजन जास्त.

पहिली अर्धी बाटली पेल्यात काढून टाका, नळात अडकलेला गाळ आणि हवा तिच्यात येते. तीच चाखूनही बघा. आता जर आंबट किंवा लोण्यासारखी लागली तर भरू नका, इथे परत येऊन विचारा. लोण्याची चव म्हणजे डायअसिटाइल, ड्राय हॉपिंगनंतर ते येऊ शकतं. आणखी चार दिवस २० अंशांवर ठेवली की यीस्ट ते स्वतःच खातं.

भरली की कॅप नुसती वर ठेवा. दहा बाटल्या झाल्या की आवळायला घ्या. मधल्या वेळात थोडा फेस वर येऊन हवा बाहेर ढकलतो, ते हवंच आहे. आवळल्यावर कॅप हाताने फिरवून बघा. फिरली तर पुन्हा आवळा. दोन्ही हातांच्या कॅपरला ओट्यावर बाटलीखाली ओलं फडकं ठेवा. मान ज्यांची आखूड आहे त्यांना तो नीट पकडत नाही, त्यांच्यासाठी उभा टेबलवरचा कॅपर लागतो.

शेवटी क्लिपवाल्या भरल्यात तर फर्मेंटर तिरका करून थेंब न् थेंब काढायचा मोह होईल. शेवटचे अर्धा-पाऊण लिटर सोडून द्या.

पेठेतला
वाचतोय. हेच पुण्यात घरी करायचं असेल तर? इथे एप्रिलमध्ये खोली ३४ अंशांवर असते, तेवढ्यात यीस्ट चालेल का?

सातूवाला
यीस्टच्या आधी कायदा येतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. जर्मनीत २०२४ पासून घरच्या घरी वर्षाला ५०० लिटर करमुक्त करता येतं, विकायचं मात्र नाही. हा धागा त्या हिशोबाने वाचा. ३४ अंशांबद्दल विचाराल तर यूएस-०५ तिथे आंबवेल, पण नेलपॉलिश रिमूव्हरच्या वासाचं काहीतरी.

काचसामान
भरून झाल्यानंतरचं सांगतो, कारण कागदावर त्याबद्दल एकच ओळ असते.

२० ते २२ अंश, अंधार, दोन ते तीन आठवडे. जर्मन तळघरं १२-१४ अंशांची असतात, तिथे हेच काम दुप्पट वेळ घेतं आणि लोकांना वाटतं बिअर बसली. आधी उबदार खोलीत, मग तळघरात.

बाटल्या क्रेटमध्ये आणि क्रेट जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा जुन्या चादरीखाली. हीटरजवळ नाही, मुलांच्या वाटेत नाही.

तुमच्याकडे क्लिपवाल्या आहेत म्हणून सांगतो, क्लिपच्या जागी बसणारं बाटलीचं मॅनोमीटर (दाब दाखवणारा काटा) मिळतं. एका बाटलीवर ते लावा. तीही इतरांसारखीच भरलेली आणि तेवढाच पाक घातलेली हवी. २० अंशाला ४.७ ग्रॅम म्हणजे काट्यावर साधारण १.७ ते १.८ बार. त्याच्या आसपास येऊन तीन दिवस हलला नाही की काम झालं. गव्हाच्या बिअरला ७ ग्रॅमपर्यंत नेतात, तेव्हा काटा ३.१ वर असतो. तेवढं फक्त जाड, शाबूत बाटल्यांतच.

मॅनोमीटर नसेल तर एक अर्ध्या लिटरची प्लास्टिकची सोड्याची बाटली भरून ठेवा. अंगठ्याने दाबायची. दगडासारखी झाली की वायू धरला.

काटा २.५ च्या पुढे गेला आणि अजून चढतोय, किंवा नमुना बाटली उघडताच उसळली, तर बाकीच्यांना हात लावण्याआधी संरक्षक चष्मा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. क्रेट अलगद फ्रिजमध्ये किंवा हिवाळा असेल तर बाल्कनीत, पण बिअर गोठू द्यायची नाही. ३-४ अंशांवर पूर्ण एक दिवस. थंडीने वायू बिअरमध्ये विरघळतो, दाब उतरतो. मग एकेक कॅप ओपनरने फक्त इतकीच उचला की फुस्स ऐकू येईल, फेस वर आला की पुन्हा दाबा. दोन-तीनदा असं करून नवीन कॅप आवळा. क्लिपवाल्यांची क्लिप हाताने धरून हळूहळू सैल करा. सगळ्याच बाटल्या उसळत असतील तर आंबणं अपुरं होतं किंवा साखर जास्त पडली. फक्त काही उसळत असतील तर मिसळणं चुकलं, दोनदा पाक पडला, किंवा त्या बाटल्या घाण होत्या. सुरुवातीला बऱ्या होत्या आणि दोन महिन्यांनी उसळायला लागल्या, चवही कोरडी-आंबट झाली, तर रानटी यीस्ट शिरलंय; त्या बॅचचं नळ-नळ्या-वॉशर टाकून नवे घ्या, उगाच उकळत बसू नका.

नेकारकाठचा
रविवारी भरली. ३५ झाल्या, एक कॅप आवळताना मान तुटली. मॅनोमीटर: तिसऱ्या दिवशी ०.५, पाचव्या दिवशी १.०, आज आठवा दिवस, १.४. खोली २१. चाललंय का बरोबर? एक उघडून बघू का?

फेसमोजणी
अगदी बरोबर चाललंय. रोज वाढ कमी होत जाईल, बाराव्या-तेराव्या दिवशी १.७-१.८ ला टेकेल. आठव्या दिवशी उघडलीत तर वरच्या मोकळ्या जागेतला वायू फुस्स करून जाईल आणि बिअर पाण्यासारखी वाटेल, उगाच हिरमोड.

काटा स्थिर झाल्यावरही लगेच नाही. एक बाटली फ्रिजमध्ये उभी, निदान दोन दिवस. त्या थंडीत वायू नीट मुरतो आणि यीस्ट तळाला घट्ट बसतं. आडवी ठेवली तर ते सगळ्या बाजूला चिकटतं.

काचसामान
मान तुटली ती बाटली टवक्याची असणार, किंवा कॅपर तिरका बसला असेल. तिच्यातली बिअर गाळूनही पिऊ नका.

ओतताना पेला तिरका धरा आणि एकदाच, न थांबता ओता; मधे बाटली सरळ केली की गाळ ढवळतो. तळाचं एक बोट शिल्लक ठेवा. सिट्रावाली आहे, दोन महिन्यांत संपवा. आणि बाटली रिकामी झाली त्याच क्षणी गरम पाणी घालून खळखळून उलटी ठेवा. तळाचं यीस्ट एकदा वाळलं की पुढच्या वेळी तासभर भिजवण्याचं काम वाढतं.